वकीलसाहेबांची माफी

रुक्मीअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी आईला कॉफी देत होते. आईनं कप चाचपडत खाली ठेवला आणि म्हणाली, "आता वकीलसाहेब कोण वाचणार गे?" मी चिडलेच. माणूस गेलंय आणि हिला कादंबरीची पडलीय! पण खरं सांगते, जास्त झोंबलं ते हे, की मी समोर असताना तिनं 'कोण' विचारलं.

अक्का माझी मावसबहीण. तंजावुरात राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी सगळे बोलतात, वाचता येणारे मोजकेच. मी शिकले तमिळ आणि इंग्रजीत. आईची दृष्टी गेल्यापासून अक्का रोज दुपारी मोपेडवरून यायची आणि ती जुनी, नावाजलेली कादंबरी वाचून दाखवायची. आईला गाणी ऐकता यावीत म्हणून मी हौसेनं केबल घेतली, तर "बंद कर ते, रुक्मी आली!" माझा नुसता जळफळाट व्हायचा. आणि कादंबरी तरी कसली? संशयावरून बायकोला घराबाहेर काढणारा तो पुण्याचा ताठ वकील मला डोळ्यांसमोर नको व्हायचा. आमचे बापूही आईला असेच टाकून गेले होते. आजारी पडल्यावर परतले, तिच्याकडून सगळी सेवा करून घेतली आणि चुकलं असं एकदाही न म्हणता वारले. "असल्या माणसाला डोक्यावर काय घेता?" मी म्हणायची. अक्का हसायची. "थांब की, शेवटी माफी मागतो तो." आणि वाचायची, "चुकलं की गे माझं..." आई पदरानं डोळे पुसायची.

तेराव्यानंतर अक्काच्या सुनेनं ते पुस्तक आणून दिलं. माझ्या मुलीच्या हिंदी परीक्षेच्या पुस्तकावरून मी अक्षरं शिकले होते, चोरून, अक्काची जागा घ्यायला. शेवटचं पान एकेक अक्षर लावत वाचलं. माफी नव्हतीच! बायको निघून जाते, वकीलसाहेब पाठ फिरवून उभे, संपलं. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली... पुण्याचा माणूस आमच्या बोलीत 'की गे' म्हणेलच कसा?

"अक्कानं तुला फसवलं आई," मी म्हणाले. लाज वाटते सांगायला, पण आनंद झाला मला.

"ठाऊक होतं," आई म्हणाली. "लग्नाआधी वाचलंय मी ते. पण तिच्या तोंडून ऐकलं की बरं वाटायचं." मग जरा थांबून, "आता तू वाच."

मी वाचलं. वकीलसाहेबांनी पाठ फिरवली तिथवर मी आले, "चुकलं..." म्हणाले, आणि पुढे शब्दच फुटेना. बापू जे बोलले नाहीत ते त्यांच्या वतीनं मी का बोलू? रोज दुपारी आई तेच पान काढायला सांगते, मी रोज तिथंच अडते, आणि ती वाट बघत राहते. अक्काला ते किती सहज जमायचं... तिचा एवढा हेवा मला ती जिवंत असतानाही वाटला नव्हता.