कापलेला कोपरा

माझ्या जुन्या कॉमिक्सच्या कडा मीच कापून घेतल्या होत्या. बाइंडिंग देखणं व्हावं म्हणून! काल वर्ध्यातल्या बाइंडरकडे खळीचा आंबूस वास आला आणि वासुदेवकाका आठवले.

काका नालवाडीत दुकानांच्या पाट्या रंगवत. तरुणपणी त्यांनी कॉमिक्सची चित्रं काढली होती, पण प्रकाशक चित्रकाराचं नाव छापत नसे. काकांकडे एकही अंक उरला नव्हता आणि काकूंना ती सगळी फेकाफेक वाटे. एकदा मी त्या कॉमिक्सचा लाल रेक्झिनमध्ये बांधलेला जाडजूड गठ्ठा काखेत मारून ऐटीत त्यांच्याकडे गेलो.

एका चित्रातल्या घोड्याच्या आयाळीवरून टर्पेंटाइनचा वास येणारं बोट फिरवत काका म्हणाले, "हे माह्यंच काम हाय. थांब, तुह्या काकूले दाखवतो. खालच्या कोपऱ्यात मी बारीक सही लपवत होतो."

बोट कोपऱ्याशी आलं. तिथे गुळगुळीत कापलेली कड होती. त्यांनी दुसरा अंक पाहिला, मग तिसरा. मग गठ्ठा हळूच मिटला.

"चित्रं तर शाबूत आहेत ना, काका!" मी म्हणालो. हे वाक्य आज आठवलं, की कान तापतात. चित्रं त्यांना पाठच होती; सही तेवढी काकूंना दाखवायची होती.

आतून सगळं ऐकत चहा घेऊन आलेल्या काकूंनी आधी काकांचा चेहरा पाहिला, मग गठ्ठ्याची कापलेली कड.

"यांचं तोंड पाहून पटलं मले," त्या म्हणाल्या. "पण तू कायचा रे शौकीन? कागद तं आमच्या घरचे उंदीरबी कुरतडते, पण ते मिरवाले नाई येत!"