ड्वेन हॉस्टेट्लरचे एक्क्याण्णव टक्के

ड्वेन हॉस्टेट्लर आमच्या लॅबमध्ये पीएचडी करत होता, म्हणजे करता करता म्हातारा होत चालला होता. मी आले तेव्हा तो ‘या वर्षी संपवतोच’ म्हणत होता. माझी निम्मी पीएचडी झाली तरी त्याचं वाक्य तेच. आयोवातल्या डुकरं पाळणाऱ्या घरातला मुलगा. अंगाने आडवा, बोलायला गोड, आणि कामाला... जाऊ दे. त्याच्या कॉफीच्या कपावर ‘जगातला सर्वोत्तम मार्गदर्शक’ असं छापलेलं होतं. तो कप त्याने स्वतःच विकत घेतला होता. घेतला तेव्हा मी शेजारीच उभी होते.

मार्गदर्शन कुणाला, तर उन्हाळी पाहुण्यांना. दर जूनमध्ये परदेशातून रसायनशास्त्र शिकणारी कॉलेजची मुलं देवाणघेवाणीच्या योजनेतून आमच्याकडे यायची आणि ऑगस्टमध्ये एक पोस्टर लावून परत जायची. आमचे सर, डॉक्टर पॉमरॉय, त्यांच्याबरोबर एक फोटो काढून मिनेसोटाला मासे पकडायला जात. मागे उरायचा ड्वेन. तो मुलांना टी-शर्ट द्यायचा, बटाट्याचं कॅसरोल खाऊ घालायचा, नावं लक्षात ठेवायची तसदी न घेता त्यांना ‘कोरिया’, ‘ब्राझील’ अशा हाका मारायचा, भांडी घासून घ्यायचा आणि प्रबंधाचं कामही त्यांच्याकडूनच उरकून घ्यायचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा.

त्याच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण एका पांढऱ्या भुकटीवर उभं होतं. हिशेबाने जेवढी मिळायला हवी, त्याच्या एक्क्याण्णव टक्के मिळते, असं आदल्या उन्हाळ्यात ‘ब्राझील’ने घाईघाईत तोलून सांगितलं आणि विमान पकडलं. ड्वेनने एक्क्याण्णवचा डंका पिटला. बियाण्यांच्या एका कंपनीने त्याला नोकरीही कबूल केली. अट एवढीच की नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आत पदवी हातात हवी. सर म्हणाले, “कुणीतरी पुन्हा एकदा तेवढीच काढून दाखवा, मी सही करतो.” ते कुणीतरी म्हणजे ‘जर्मनी’.

जर्मनीचं नाव होतं वीबके टीसन, गाव रोस्टॉक. किडकिडीत, अबोल मुलगी. डबा म्हणून काळा पाव आणि काकडी आणायची. तिने पहिल्याच झटक्यात भुकटी केली, तोलली, आणि काट्यावर आले एक्क्याण्णव! ड्वेन नाचायचाच बाकी होता. तो धावत जाऊन डोनट घेऊन आला. वीबकेने एक डोनट खाल्ला, हात धुतले आणि भुकटीचा फ्लास्क हवा ओढून घेणाऱ्या व्हॅक्यूम पंपाला जोडला.

“अगं, आता कशाला? झालं ना!” ड्वेन म्हणाला.

“ओली आहे.”

“छे! चांगली कोरडी दिसतेय की.”

“दिसते. पण द्रावकाचा वास येतोय. वजन उतरायचं थांबलं की मग खरा आकडा.”

“पोरी, इथे आम्ही असले चोचले करत नाही.”

“ते कळलं मला,” वीबके म्हणाली.

त्यानंतर ती रोज सकाळी फ्लास्क तोलायची, पुन्हा पंपाला लावायची. आकडा ऐंशीवर आला, सत्तरवर आला, आणखी खाली गेला. ड्वेनची पदवी रोज थोडी थोडी पंपातून उडून चालली होती. तो काट्याशी येऊन उभा राहायचा, कपाळाचा घाम पुसायचा आणि आमच्या काट्यात काहीतरी बिघाड आहे असं म्हणायचा.

एका दुपारी मी वीबकेला जेवायला बाहेर घेऊन गेले. परत येऊन तिने फ्लास्क तोलला, तर वजन वाढलेलं! तिने पुन्हा तोललं. मग माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे विचारलं, “मर्ना, तुमच्या देशात व्हॅक्यूमखाली ठेवलेली वस्तू जाड होते का?”

ड्वेन सिंकपाशी होता आणि स्वच्छ सिंक घासत होता. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात स्वतःचं भांडं धुतलं नाही, तो सिंक घासत होता! जवळच द्रावकाची बाटली होती, तिच्यात ड्रॉपर तसाच उभा. दुधात पाणी घालणारा गवळीसुद्धा गिऱ्हाईक कसं आहे ते बघून घालतो. हे गिऱ्हाईक रोज तोलून घेणारं आहे, एवढंही या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. आकडा टिपून वीबकेने फ्लास्क पुन्हा पंपाला लावला.

ऑगस्टमध्ये पोस्टरं लागली. लेमोनेड, चीजचे तुकडे, उन्हाने लाल होऊन परतलेले सर, सगळा विभाग व्हरांड्यात. वीबकेच्या पोस्टरवर रोजच्या वजनाची रेघ काढलेली होती. ती खाली, खाली जात एका जागी टुणकन वर उडाली होती आणि पुन्हा खाली येऊन अठ्ठावन्नवर आडवी झाली होती. सरांनी त्या उंचवट्यावर बोट ठेवलं.

“इथे काय झालं?”

“त्या दुपारी मी जेवायला गेले होते, सर. लॅबमध्ये ड्वेन एकटाच होता.”

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळा व्हरांडा हसत सुटला. ड्वेन कानापर्यंत लाल झाला. सरही हसले, कारण न हसणं त्यांना महागात पडलं असतं. “अठ्ठावन्न लिही,” ते ड्वेनला म्हणाले आणि चीज घ्यायला निघून गेले. वर्षभर तेच एक्क्याण्णव ते परिषदांमध्ये मिरवत होते, पण त्याबद्दल त्यांनी मूग गिळले.

रिवाजाप्रमाणे दुसऱ्या दिवशी तिला विमानतळावर सोडायला ड्वेनच गेला. “चल, वीबके,” म्हणाला. तिचं नाव त्याला येत होतं तर!

ऑक्टोबरमध्ये त्याची तोंडी परीक्षा झाली. आदला आठवडाभर तो अठ्ठावन्नवर पदवी गेली, नोकरी गेली, हेच धरून बसला होता. परीक्षा घ्यायला शेतकी विभागातल्या म्हाताऱ्या डॉक्टर स्टोल आल्या होत्या. त्यांनी शेवटचं प्रकरण उघडलं, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “अठ्ठावन्न? छान आहे की! असल्या चिकट भुकटीत मला कधी चाळिसाच्या वर मिळालं नाही.” आणि पान उलटलं. संपलं. झाला डॉक्टर!

संध्याकाळी तो लॅबमध्ये सामान भरायला आला आणि स्टुलावर बसूनच राहिला.

“मर्ना, अठ्ठावन्न चाललं असतं?”

“चाललंच की.”

“म्हणजे पहिल्यापासून?”

इतक्या वर्षांचे टोमणे माझ्या जिभेवर तयार होते. त्याची कीव आली, पण संताप त्याहून मोठा होता. “ड्वेन,” मी म्हटलं, “एकदा वाळवून तरी बघायचं होतंस.”

तो उठला. उरलेली कॉफी प्यायला आणि तो सर्वोत्तम मार्गदर्शकाचा कप खरकटाच सिंकमध्ये टाकून चालता झाला. धुवायला पुढच्या जूनमध्ये कुणीतरी येणारच होतं.