शालू नेसणारा खांब

लग्न होऊन मी नगरला आले तेव्हा सासरी आपल्याला एक सवत आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कापडबाजारातल्या आमच्या दुकानात ती अगदी मधोमध उभी असायची. सागवानी अंग, पायाशी दगडी तळखडा, डोक्यावर कोरलेली केळफुलं. सवत म्हणजे खांब हो! पण त्याला रोज सकाळी नवी साडी मिळायची आणि मला मिळायची दिवाळीला. मग त्याला दुसरं काय म्हणायचं?

दुकान तरी कसलं? कुणा जुन्या कारभाऱ्याचं ते दुमजली घर. आजेसासऱ्यांनी घेतलं आणि त्याला दुकान व्हायला लावलं. घरानं ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. ओसरीवर गादी आली, माजघरात कापडाचे गठ्ठे आले, दिव्यांच्या कोनाड्यांत चोळीचे खण जाऊन बसले. तुळईला झोपाळ्याच्या पितळी कड्या तशाच होत्या, त्यांना टॉवेल लटकायचे. दार म्हणजे उभ्या फळ्या. सकाळी एकेक काढायची, संध्याकाळी खाचेत बसवायची. एखादी मागेपुढे झाली की दुकान मिटायलाच तयार नसे.

आम्ही राहायचो वर. वरची जमीन मातीची आणि तिच्याखाली लाकडी कडीपाट. वर कुणी जोरात चाललं की फटींतून गिऱ्हाइकाच्या डोक्यावर माती. म्हणून दुकानात वरून पांढरं कापड ताणून बांधलेलं होतं, आणि आम्हा बायकांना मांजराच्या पावलांनी चालायची शिस्त. मी माहेरी धपाधप चालणारी. सासूबाई सारख्या म्हणायच्या, "अगं, खाली रेशीम आहे!" चहा हवा असला की मामंजी, म्हणजे माझे सासरे, कापड मोजायचा लोखंडी गज तुळईवर ठोकायचे. जितके ठोके तितके कप. मीटर आल्यापासून बिचाऱ्या गजाला तेवढंच काम उरलं होतं.

दुकान उघडं असताना घरातल्या बाईनं खाली यायचं नाही, असा नियम होता. फळ्या निघायच्या आधी थोडा वेळ तेवढी मला मुभा, खांबाला साडी नेसवायला. हे काम आधी सासूबाईंचं. गुडघे धरल्यावर त्यांना तो उभा जिना झेपेना, आणि पुरुषांना निऱ्या कुठल्या जमायला! मी त्यात जीव ओतायची. निऱ्या तळखड्यापर्यंत सोडायच्या, पदर केळफुलांवरून घ्यायचा आणि काठ रस्त्याकडे वळवायचा. मग दिवसभर चुलीपुढे असले तरी कान खाली. "ती खांबावरची दाखवा," असं कुणी म्हणालं की मी भाकरीसारखी टम्म फुगायची. मला दुकान फार आवडायचं. खरं सांगायचं तर स्वयंपाकापेक्षा कितीतरी जास्त.

आणि समोर काचेचं नवं दुकान झालं. आत साड्या नेसलेल्या पुतळ्या. आमच्या ह्यांची झोपच उडाली. "खांब मधे येतो," म्हणाले, "काढून टाकू. लोखंडी गर्डर घातला की कसं मोकळं होईल!" मिस्त्री आला, त्यानं खांबाला टिचक्या मारल्या आणि "होतंय की" म्हणाला. गर्डर आणून मागच्या बोळात टाकलासुद्धा. मामंजी थोडे कुरकुरले, मग "तुमचा जमाना" म्हणून गप्प बसले. मला कोण विचारतो? खांब गेला की माझी सकाळची ती मुभाही जाणार होती. मला रडू येत होतं, पण खांबासाठी रडणारी सून म्हणून बाजारभर नाव झालं असतं.

समोरच्यासारखी एक पुतळी हे पुण्याहून एसटीनं घेऊन आले, शेजारच्या सीटवर बसवून. कंडक्टरनं बाईचं तिकीट मागितलं म्हणे. गोरीपान, निळे डोळे, चेहऱ्यावर कुणाशी देणंघेणं नसल्याचा भाव. दुकानातला सगळ्यात भारी डाळिंबी शालू ह्यांनी स्वतः तिला नेसवला, आणि खांब उघडाच राहिला. निऱ्या अशा, की बाई आग लागल्यावर घराबाहेर पळाली असावी. मी बघितलं आणि वर जाऊन भाकऱ्या थापायला बसले. माझ्या स्वभावाला हे फार झालं.

त्या साली पाऊस नव्हता, लग्नंही रोडावली होती. त्यामुळे पारनेरकडची मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला, म्हणजे दोन्हीकडची सगळी कापडं घ्यायला येणार म्हटल्यावर मामंजी फळ्या निघायच्या आधीच टोपी घालून तयार. गादी माणसांनी भरली. गजाचे ठोके थांबेनात. मी चहाची किटली घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. तिथून अर्धं दुकान दिसायचं.

नवऱ्या मुलाची आत्या मंडळींची म्होरकी होती. ह्यांनी मोठ्या ऐटीत पुतळीचा डाळिंबी शालू दाखवला. आत्याबाई जवळ गेल्या आणि चटकन मागं सरल्या.

"ह्यो न्हाई चालायचा. ही बाई नेसलीया की!"

"अहो आत्याबाई, बाई कुठली? प्लॅस्टरची पुतळी आहे ती," मामंजी म्हणाले.

"मग डोळं कशाला काडल्यात? नवरीला कोरं लागतंय शेट, कुनाच्या अंगावरचं न्हाई. आन कपाळाला कुंकू बी न्हाई हिच्या!"

हे धावले आणि कापडावर खुणा करायच्या लाल खडूनं पुतळीच्या कपाळावर टिकली काढली.

"आता लावून काय उपेग?" आत्याबाई म्हणाल्या.

असल्या समजुती मला तेव्हाही पटत नव्हत्या. पण त्या दिवशी मी मनातल्या मनात आत्याबाईंच्या पाया पडले.

मग दुसरे शालू निघाले. आत्याबाई मान हलवत राहिल्या. "घडीवर काय कळतंय? खांबाला नेसवून दावा. आमच्या थोरल्याच्या लग्नाला बी खांबावरचाच नेला हुता."

ह्यांनी हिरवा शालू घेतला आणि खांबाला गुंडाळला. तो सळसळत खाली आला. पुन्हा गुंडाळला, पुन्हा खाली. एक म्हातारबा खोकल्यासारखं हसले. आत्याबाईंनी पिशवी काखेला मारली आणि समोरच्या काचेच्या दुकानाकडे बघितलं. तेव्हा मामंजींनी गज उचलला, ठोकायला वर नेला आणि तसाच खाली ठेवला.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली, "खाली ये."

भर बाजाराच्या वेळी, इतक्या माणसांत. पदर सावरत मी उतरले. हिरवा शालू उचलला, निऱ्या तळखड्यापर्यंत सोडल्या. पदर केळफुलांवर चढवला, काठ वळवला. आत्याबाई खांबाभोवती एक फेरी मारून आल्या.

"ह्यो बांदा," त्या म्हणाल्या, आणि मग सगळा बस्ताच आमच्याकडे झाला.

जाताना त्यांनी बस्त्यातला एक चोळीचा खण काढला, कुंकू मागितलं, खांबाला बोट लावलं आणि खण त्याच्या पायाशी ठेवला. मला वाटलं होतं मला देतील. घ्या, म्हटलं, इथंही सवतच पुढे!

मंडळी गेल्यावर हे गर्डरचं बोलू लागले. मामंजींना ते ऐकू आलं नसावं. त्यांनी खण उचलला आणि माझ्या हातात दिला.

"खांबाला चोळी लागत नाही," ते म्हणाले. "आणि उद्यापासून फळ्या निघायच्या आधी येऊ नकोस. निघाल्यावर येत जा."

मी जिना चढले तो धपाधप. खाली माती पडलीच असणार. कुणी काही म्हणालं नाही.