आठ दिवसांचं पथ्य

धाराशिवला रक्त तपासायच्या लॅबमध्ये मी बरीच वर्षं काम करते. आमच्याकडची माणसं लई हुशार. रक्त द्यायचं ठरलं की आठ दिवस आधी पथ्य धरतात. गोड बंद, तूप बंद, वरणाला फोडणीसुद्धा नाही. रिपोर्ट चांगला आला की त्याच संध्याकाळी घरी भजी.

जळकोटला शेती करणारे माझे वडील यातले उस्ताद. दरवर्षी रक्त माझ्याकडंच द्यायचे. साखर, चरबी सगळं आटोक्यात. मीही कौतुकानं सांगायची, अण्णा, फर्स्ट क्लास!

मला एक खोड आहे. कुणी वाचत नाही ते मी वाचते. साध्या सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशींचे प्रकार छापलेले असतात, त्याकडं कोण बघतंय? एकदा हृदयाचे डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, त्यातल्या न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटनं भागलं तर हृदयाच्या नळ्यांचा आजार कितपत वाढलाय याचा कधी कधी अंदाज येतो. नुसता अंदाज हं. साध्या तापानंही तो आकडा हलतो.

मग मला कुठलं चैन पडायला! जुने रिपोर्ट काढून भागाकार करत बसले. अण्णांचेही काढले. त्यांचा आकडा वर्षागणिक चढत गेलेला. पथ्यानं साखर दबली होती, पण या पेशींना कुठलं आलंय पथ्य?

डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, आकड्याचं राहू द्या, आधी माणसाला विचारा, दम लागतो का, छातीत दुखतं का.

रविवारी जळकोटला गेले. अण्णांनी आधी उडवूनच लावलं. रिपोर्ट तूच दिलास की, म्हणाले. पण मीही त्यांचीच लेक, खनपटीलाच बसले. शेवटी ते खाली बघत बोलले.

"दोन वर्षं झाली, विहिरीवरनं येताना छाती आवळती. पण रिपोर्ट बघून तू एवढी खूश व्हायचीस बाई. कसं सांगावं?"

त्याच आठवड्यात अँजिओग्राफी केली. तीन नळ्या जवळजवळ बंद निघाल्या. ऑपरेशन झालं, अण्णा वाचले. वेळेत आणलंत, म्हणून डॉक्टरांनी माझं कौतुक केलं, तेव्हा मला मान वर करवेना. माझा बाप माझा आनंद मोडू नये म्हणून दोन वर्षं छाती दाबत घरी येत होता.