ढकलली तरी न ओरडणारी गाडी

छत्रीबागेतल्या आमच्या गल्लीत गाडी लावायचा एक नियम आहे. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवायचा आणि हँडब्रेक सोडायचा. गल्ली इतकी अरुंद की कुणाला वाट हवी असेल तर तो मालकाला हाका मारत बसत नाही. समोरची गाडी ढकलतो, आपली काढतो, आणि सभ्य असेल तर ढकललेली परत जागेवर आणून ठेवतो. नवीन वसाहतीतले आमचे नातेवाईक याला हसतात. हसू देत.

माझी गाडी जुनी आहे. हे गेल्यावर ती धूळ खात उभी होती, मग पन्नाशी उलटल्यावर मीच चालवायला शिकले. माझी शाळा सांवेरच्याही पुढे, सोयाबीनच्या शेतांमधल्या एका गावात आहे. बस सांवेरला सोडते. पुढे ट्रॅक्टर मिळाला तर ट्रॅक्टर, नाहीतर कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे. गुडघे साथ देत होते तोवर तेही केलं. आता गाडी नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हटल्यावर मुलगा मला पुण्याला न्यायला टपलेलाच आहे. प्रेमानेच, पण टपलेला.

अशात मागच्या गल्लीतून एक गाडी चोरीला गेली, आणि पाठोपाठ माझ्या गाडीच्या दाराच्या कुलपातही कुणीतरी स्क्रू-ड्रायव्हर घालून बघितल्याचं दिसलं. मुलाला फोनवर सांगितलं, ही मात्र चूक झाली.

"आई, विकून टाक. गेल्यावर कपाळाला हात लावून बसशील."

"गाडी जाणार नाही."

"हे चोराला सांगितलंयस का?"

मी फोन ठेवला. मला असं कुणी म्हटलं की मी इरेला पेटते.

पहिला अलार्म घेतला तो बडा गणपतीच्या देवळाजवळच्या दुकानातून, सगळ्यात स्वस्त. धक्का लागला की भोंगा वाजणार, असा. ज्या गल्लीत गाड्या दिवसभर ढकलल्या जातात तिथे काय झालं असेल ते सांगायला नको. टपावर मांजर उडी मारे, भोंगा. लग्नाचा ढोल जाई, भोंगा. सुरुवातीला लोक खिडकीतून डोकावायचे. मग "काकीजी, तुम्हारी गाड़ी फिर रो रही है," एवढं म्हणून पुढे जायचे. समोरच्या वहिनी तर म्हणाल्या, "राग मानू नका, पण आता तुमची गाडी वाजली की आम्ही टीव्हीचा आवाज वाढवतो." मला राग आला नाही, धडकीच भरली. लांडगा आला रे आला म्हणतात ती गोष्ट मी दरवर्षी वर्गात शिकवते. खरा चोर आला तरी आता एक माणूस बाहेर पडणार नव्हता.

शेजारच्या घरातल्या एकाने सोपा उपाय सांगितला, "हँडब्रेक खींच के रखो ना, काकीजी. कोई हिलाएगा ही नहीं." ते मला जमणार नव्हतं. यांना घ्यायला रुग्णवाहिका आली त्या दुपारी याच लोकांनी बघता बघता सगळ्या गाड्या ढकलून तिला थेट आमच्या दारापर्यंत वाट करून दिली होती. हे वाचले नाहीत, पण वाट झाली होती. ती वाट मी अडवणार नाही.

मग मी शाळा सुटल्यावर दुकानं पालथी घालायला लागले. सगळीकडे एकच प्रश्न विचारायचे, की ढकलल्यावर गप्प राहील आणि दार उघडल्यावर ओरडेल असं काही आहे का. कुणी मोबाइलवर नकाशा दाखवणारं यंत्र पुढे करायचं, कुणी बोलणारा अलार्म. एक दुकानदार तर वैतागला. "मैडम, शॉक सेंसर ही निकलवा दोगे तो बचा क्या?"

"दरवाजा," मी म्हटलं.

तो हसला, पण ऐकायला लागला. पहिल्यापेक्षा थोडा महाग, पण माझ्या पगाराला झेपणारा एक अलार्म त्याने काढला. "सस्ता रोए बार-बार," तो म्हणाला, आणि माझा तर खरोखरच बार-बार रडून झाला होता. धक्क्याचा सेन्सर त्याने काढून टाकला आणि दारांच्या तारा जोडल्या. अलार्म रिमोटने बंद न करता नुसत्या किल्लीने दार उघडलं तरी वाजेल, असं म्हणाला. त्याच्या शब्दावर मी उठले नाही. त्यालाच गाडी रस्त्यावर ढकलायला लावली. गप्प. मग किल्लीने दार उघडलं आणि समोरच्या कचोरीवाल्याचं गिऱ्हाईक दचकलं. चारही दारं तपासल्याशिवाय मी पैसे दिले नाहीत.

त्यानंतर गाडी तोंड मिटून उभी राहायला लागली. गल्ली तिला विसरली, आणि मला तेच हवं होतं.

दिवाळीनंतर मुलगा आला. रविवारी सकाळी मी पोहे भिजवत होते, तो खाली गेला होता. एकाएकी भोंगा सुरू झाला. मी जिना उतरेपर्यंत अख्खी गल्ली बाहेर होती. समोरच्या वहिनी हातात लाटणं घेऊन, हँडब्रेकचा उपाय सुचवणारे शेजारी बनियनवर, थेट बोनेटसमोर आडवे. ड्रायव्हरच्या सीटवर एक अनोळखी माणूस घाबरून बसला होता आणि दाराशी माझा मुलगा उभा होता, कपाटातली दुसरी किल्ली हातात.

"भिया, तुम तो घर के हो," शेजारी त्याला विचारत होते, "पर ये कौन है?"

"गाडी बघायला आलेत," मुलगा पुटपुटला.

"बेच रहे हो, काकीजी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला मुलाचा राग आला होता आणि त्याची कीवही येत होती. मी रिमोट दाबून भोंगा बंद केला.

"नाही. उद्या शाळा आहे."

तो माणूस माफी मागत उतरला. मी दार लावून अलार्म पुन्हा चालू केला. तेवढ्यात मागून कुणाचा तरी हॉर्न वाजला, वाट हवी होती. मुलगा याच गल्लीत वाढलेला. न सांगता मागे गेला, दोन्ही हात लावले आणि गाडी पुढे ढकलली. मग जागीच थांबून तिच्याकडे बघत राहिला.

"आई, ही वाजली नाही."

"ढकलल्यावर नाही वाजत," मी म्हटलं, आणि किल्लीसाठी हात पुढे केला.