पाणी कुणाच्या विचाराचं

मी सातवीत शाळा सोडली. माणूस जालन्याकडचा, कामाच्या शोधात फिरत मुरगूडजवळच्या या गावात आलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. गाव मला अजून पावणंच म्हणतं. सगळं गाव ज्यांना काकी म्हणतं त्या सरपंच झाल्या, तेव्हा त्यांनी ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचं काम मला दिलं. ना ओळख, ना कुणाचा शब्द. ते उपकार मी विसरलेलो नाही, म्हणूनच पुढचं लिहिताना डोकं तापतं.

त्या उन्हाळ्यात नदीवरची मोटार जळली. दुरुस्त करून बसवली, परत जळली. काकींनी नव्या मोटारीचा प्रस्ताव जिल्हा परिषदेत दिला. तिथनं तो मुंबईला गेला नि तिथंच बसला. पलीकडच्या गावानं आमच्या मागनं मागितली, त्यांना आमच्या आधी मिळाली. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, काकी विरोधी पॅनेलच्या. आपल्या विचाराचा सरपंच द्या, निधी कमी पडणार नाही, असं मुख्यमंत्री भरसभेत बोलले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, याची आता लाज वाटते. पाण्याला कसला आलाय विचार? वाट मिळेल तिकडं ते जातं, एवढंच मला त्याच्याबद्दल माहीत आहे.

टँकर कधी यायचा, कधी नाही. बाया घागरी घेऊन माझ्या दारात.

"पावणं, पगार कशाचा घेताय वं?"

मला एकच भीती, आधी माझं काम जाणार. गेलं तर जायचं कुठं?

मग मुख्यमंत्री तालुक्याला आले. काकी अर्ज घेऊन गेल्या, मोटारीचं सांगायला मला बरोबर नेलं. साहेबांनी अर्ज उघडलाच नाही. शेजारच्या पुढाऱ्याकडं बघून हसले नि म्हणाले, "ताईंना आधी आपल्यात घ्या." अर्ज तसाच परत काकींच्या हातात.

एसटीत काकींनी अर्जाची घडी घालून पिशवीत ठेवली. उतरताना म्हणाल्या, "जातो मी त्यांच्यात. बायांनी आनी किती दिवस वाट बघायची?"

चार दिवसांनी स्टेजवर त्यांच्या गळ्यात पक्षाचं उपरणं पडलं. फोटोत सगळे हसतायत, काकी तेवढ्या खाली बघतायत. आठवड्यात मोटार आली. इतके दिवस न सापडणारा कागद एका उपरण्यानं सापडला!

पाणी सुटलं त्या सकाळी वरच्या गल्लीतला एक जण नळाला घागर लावून बसला होता. काकींच्याच जुन्या पॅनेलचा, त्यांच्यासाठी घरोघर फिरलेला.

"काय पावणं, इकलेल्या सरपंचाचं पाणी लईच गोड हाय की!"

चार जण खदाखदा हसले. माझं टाळकं सरकलं. तडक गेलो नि वरच्या गल्लीचा व्हॉल्व्ह बंद केला. दुसऱ्या दिवशीही सोडला नाही. खरं सांगतो, बरं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी काकी व्हॉल्व्हपाशीच आल्या.

"कुणाला इचारून बंद केलास?"

"तो तुम्हाला काय बोलला ठाऊक आहे का?"

"मला बोलला न्हवं? त्याच्या घरात बाळंतीण हाय, ती काय बोलली तुला?" मग आवाज खाली आला. "आपल्याला चांगलं म्हणंल त्यालाच पाणी, आसंच की न्हाय? मग त्या सायबानं काय येगळं केलतं रं?"

मी वाकलो. चावी लावली, व्हॉल्व्ह उघडला. वरच्या गल्लीत पाणी पोचायला वेळ लागतो. तेवढा वेळ काकी उन्हात उभ्या राहिल्या. मी मान वर केली नाही. वरनं एका बाईचा आवाज आला, "आलं गं, आलं!" तेव्हा कुठं त्या घराकडं वळल्या.

माझा राग गेलेला नाही. साहेबांवरचा नाही नि त्या माणसावरचाही नाही. तो अजून काकींना बघून तोंड फिरवतो. मी त्याच्या गल्लीला रोज वेळेवर पाणी सोडतो. दातओठ खात सोडतो, पण सोडतो.