पत्राचं दुसरं पान

ही गोष्ट मी आजवर कोणाजवळ काढली नाही. बायकोजवळ सगळं बोललो, एवढं मात्र पोटात ठेवलं. आज तुम्हाला सांगतो — धीर आला म्हणून नव्हे, आता राहवत नाही म्हणून.

मी पेंटर. नागपुरात, सदरला, दुकानांच्या पाट्या रंगवायचो. माझ्या हाताला नाव होतं आणि मला त्याची घमेंडही होती — खोटं कशाला बोलू? तिथेच एका चिनी डॉक्टरांचा दातांचा दवाखाना होता. लहानपणी ते बापाबरोबर इकडे आले. आई आणि बहीण तिकडेच राहिल्या. बोलणं मात्र अस्सल नागपुरी. बासष्टच्या लढाईनंतर निम्म्या गल्लीने त्यांच्याशी बोलणं टाकलं, तरी ते कुठे गेले नाहीत.

त्यांची पाटी नवी करताना मी जुनी चिनी अक्षरं हुबेहूब उतरवली. ते मागे उभे होते. म्हणाले, "तू काढून राहिला गा, लिहून नाही राहिला." मला झोंबलं. आम्ही पेंटर आधी शिरोरेघ ओढतो आणि मग तिला अक्षरं टांगतो. दिसायला बरोबर असलं की झालं. त्यांच्याकडे तसं चालत नव्हतं. आडवी आधी, उभी मग. चौकटीचं अक्षर असलं तर आधी भिंती, मग आतला माणूस, दार सगळ्यात शेवटी. मी हट्टाने शिकलो. अर्थ कळत नव्हता, पण रेघांचा क्रम हातात बसला.

पुढे काचबिंदूने त्यांची नजर गेली. आणि नेमकी तेव्हाच, इतक्या वर्षांनी, बहिणीची पत्रं येऊ लागली. आता वाचणार कोण? मग आम्ही एक युक्ती काढली. मी पत्रातलं एकेक अक्षर बोटाने त्यांच्या तळहातावर लिहायचो, ते वाचायचे. क्रम चुकला की त्यांना काही म्हणजे काही लागायचं नाही. उत्तर ते माझ्या तळहातावर लिहायचे आणि मी कागदावर. पाकिटावर बहिणीचं नावही मीच घालायचो. त्या पत्रांवर म्हातारा जगत होता, दुसरं काय होतं त्याला?

एकदा दोन पानांचं पत्र आलं. पहिल्या पानाच्या शेवटी बहिणीचा हात घाईत आला होता — रेघा एकमेकींत गुंतलेल्या, कुठली कुठून निघाली पत्ता लागेना. एक अक्षर मी तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा ते म्हणाले, "उलटं झालं. पुन्हा." रागाने नाही हो, प्रेमानेच. पण माझ्या बोटाला कोणी पुन्हा म्हणावं? कसंबसं ते पान संपवलं, दुसरं उलगडलं — सगळंच गिचमिड. "मला जमत नाही" एवढं म्हणायचं होतं. जीभ उचलली नाही. मी ते पान घडी करून खिशात घातलं आणि म्हणालो, संपलं.

"एवढंच?" त्यांनी विचारलं. मग, "खाली नाव नाही टाकलं तिनं?"

मी नाही म्हणालो.

ते बराच वेळ तळहात तसाच उघडा धरून बसले. "बरोबर आहे तिचं," म्हणाले. "आईच्या मातीले नाही गेलो मी. काहून नाव टाकीन ते?" बहिणीने नातं तोडलं, असं त्यांनी धरलं. उद्या सांगू, असं मी ठरवलं. उद्या सांगायचं म्हणजे काल खोटं बोललो हे सांगायचं — ते कोण सांगतो? त्यांनी उत्तर लिहिलं नाही. तिकडूनही मग पत्र आलं नाही. तिने तरी किती वाट पाहावी? दुपारी पोस्टमनची सायकल आली की त्यांची मान तिकडे वळायची. मी समोरच स्टुलावर बसलेला असायचो, चहा पीत. चार वर्षांनी ते गेले.

ते पान माझ्याजवळ आहे. त्यात काय लिहिलंय, आजही मला माहीत नाही. अक्षरं लागत नव्हती, हे खरं. पण तळाशी तिने नाव टाकलं होतं — मोठं, सुटं, स्वच्छ. पाकिटांवर मी ते कितीदा लिहिलं होतं. तीनच अक्षरं. ती मला बिनचूक येत होती.